दोन बार मिळूनही तबकडी हुकते कशी?

जालन्याच्या मित्रांनी विचारलंय की ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडणारी तबकडी शॉटगननं फोडायच्या नेमबाजीत, एका तबकडीवर दोन बार टाकता येतात, मग एवढे मोठे नेमबाज हुकतात कसे. पहिली गोष्ट, दुसरा बार फक्त प्राथमिक फेरीत; अंतिम फेरीत एकच.

नेमबाजापासून 15 मीटरवर खंदकात तबकड्या फेकणारी 15 यंत्रं असतात, उभं राहायच्या प्रत्येक जागेसमोर तीन. नेमबाजानं आवाज दिला की तिन्हींपैकी कुठलं सुटेल ते कळत नाही. दर 25 तबकड्यांत 10 डावीकडं, 10 उजवीकडं, 5 समोर. तबकडी जेमतेम 11 सेंटीमीटरची, काडतुसात छर्रे जास्तीत जास्त 24 ग्रॅम. उशीर केला की छर्रे फाकतात आणि तबकडी मधून सुखरूप निघून जाते. म्हणून दुसरा बार मुळातच कमकुवत, त्याच्या भरवशावर राहूच नये.

हुकण्याचं नेहमीचं कारण मात्र गाल. तबकडी बघायला मान उचलली की गाल बंदुकीच्या दस्त्यावरून सुटतो. शॉटगनला मागची माशी (नेम धरायची मागची खूण) नसते, डोळाच तिचं काम करतो. डोळा वर गेला की बारही वरून जातो. दुसरं कारण, घोडा दाबताना नळी थांबवणं. मग छर्रे तबकडीच्या मागं पडतात.

प्राथमिक फेरीत असं 125 वेळा सांभाळायचं असतं. हांगचौ आशियाई स्पर्धेत कायनन चेनाई, जोरावरसिंग संधू आणि पृथ्वीराज तोंडैमान यांनी मिळून 375 पैकी 361 फोडल्या, सांघिक सुवर्ण आणलं. ही कामगिरी फार मोठी आहे, आपल्याकडं तिची चर्चाच झाली नाही.