खाडीची रेती की क्रश सँड? जयगड खाडीजवळच्या घराच्या स्लॅबसाठी काय घ्यावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. जयगड खाडीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर बांधायला काढलंय. आरसीसी फ्रेम, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर एक मजला. मी ठाण्याला असतो, आई-बाबा वाडीत. काम जोत्यापर्यंत आलंय. आता कॉलम, आणि पावसाच्या आत पहिला स्लॅब टाकायचा आहे.

ठेकेदार आमच्या ओळखीतलाच आहे. तो म्हणतो खाडीची रेती घेऊ, स्वस्त पडते, दाणा गोल असतो, माल मऊ होतो. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) नको, ती पाणी फार पिते. खारेपणाचं विचारलं तर म्हणाला, वाळवून घेतो, एक पाऊस पडला की धुऊन निघते. खडी आली आहे ती काळीच आहे, पण बरीचशी चपटी, वर भुकटी बसलेली आणि मधे मधे तांबूस दगड. शिवाय चिरेखाणीवरचे जांभ्याचे तुकडे फुकट मिळतायत, ते फोडून खडीत मिसळले तर चालतील असं काकांचं म्हणणं. सिमेंट, रेती, खडीचं प्रमाण एकास दोन चार सांगितलंय.

मला यातलं काही कळत नाही आणि रोज जाऊन उभं राहता येत नाही. कुणी नीट समजावेल का, कुठली खडी आणि कुठली रेती घ्यावी, आणि माल बरा की वाईट हे बाबांना घरच्या घरी कसं बघता येईल?

सड्यावरची

दादा, सगळ्यात आधी एक. सळई असलेल्या कुठल्याही कामात खाडीची रेती घालू देऊ नका. कॉलम, बीम, स्लॅब, लिंटेल, जिना, पाण्याची टाकी, कशातच नाही. बाकी गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालतं, यात चालत नाही.

मी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम केलंय. किनाऱ्यावरच्या कामांची खडी, रेती, क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) सगळं हातातून गेलंय. लोक सिमेंटच्या ब्रँडवरून वाद घालतात, पण काँक्रीटच्या आकारमानात सत्तर-पंचाहत्तर टक्के खडी आणि रेतीच असते, आणि डंपर रिकामा होत असताना तिथे बघायला घरचं कुणीही नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून जरा लांबण लावते.

मिठाचा हिशोब बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. एक घनमीटर काँक्रीटला अंदाजे ७०० किलो रेती लागते. तिच्यात पाच टक्के खारं पाणी धरलं तर ते झालं ३५ किलो, म्हणजे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये सिमेंट, पाणी, खडी, रेती, अ‍ॅडमिक्श्चर (मिसळायची रसायनं) सगळं मिळून घनमीटरला ०.६ किलोच्या वर क्लोराइड जाता कामा नये. इथे एकट्या रेतीनेच ती हद्द ओलांडली. पावसाळ्यात खाडीचं पाणी निवळतं आणि मे महिन्यात पुन्हा खारं होतं, त्यामुळे आकडा कमीजास्त होईल, पण घराच्या बाबतीत असा जुगार कशाला? आणि वाळवून काय होणार? पाणी उडून जातं, मीठ दाण्यावरच बसून राहतं. पावसानं ढीग वरवर धुतला जातो, पोटात काय आहे ते कळत नाही.

हे मीठ सिमेंटचं काही बिघडवत नाही, ते सळईला खातं. सिमेंटच्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड तो थर फोडतं आणि गंज आतून सुरू होतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून सळईच्या रेषेत चीर पडते, मग कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, पापुद्रे सुटतात. बाहेरून गिलावा मारून ते झाकलं जातं, थांबत नाही.

आता खडी. आपल्याकडे रायगड-रत्नागिरीत क्रशरवर फुटतो तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडे क्वार्टझाइट, ग्रॅनाइट-नाइस मिळतं. चांगला काळा दगड काँक्रीटला उत्तम, जड, घट्ट, पाणी फार कमी शोषणारा. पण खाणीतला सगळाच दगड सारखा नसतो. वरच्या थरातला कुजट दगड तांबूस, मऊ असतो. काही थरांत पांढऱ्या गोट्यांसारखे डाग भरलेले असतात, असा दगड कुजलेला असेल तर नकोच. बाबांना सांगा, दोन खडे एकमेकांवर आपटा. चांगला दगड खणखणतो, कुजट दगड बद्द वाजतो आणि नखाने किंवा खिळ्याने खरवडला जातो. तुमचे ते तांबूस दगड असे निघाले तर गाडी परत पाठवा.

चपट्या खडीचं. वीस एमएमच्या खडीतला १६ ते २० एमएमचा खडा घ्या, सरासरी १८ एमएम. त्याची जाडी १०.८ एमएमपेक्षा कमी असेल तर तो चपटा आणि लांबी ३२.४ एमएमपेक्षा जास्त असेल तर लांबट. चपटे-लांबट मिळून ४० टक्क्यांच्या वर नकोत असं आयएस ३८३, म्हणजे खडी-रेतीचं मानक, म्हणतं. मूठभर खडी परातीत पसरा, चपटे खडे एका बाजूला काढा आणि दोन्ही ढिगाऱ्यांचं वजन करा. लॅबइतकं काटेकोर नाही, पण निम्मे चपटे निघाले तर काय ते कळतंच. चपटा खडा सळयांच्या जाळीत आडवा अडकतो, खाली पोकळी राहते, आणि माल सरकेना म्हणून मिस्त्री पाणी ओततो. नुसत्या जॉ क्रशरवरची (जबड्यासारखं दाबून दगड फोडणाऱ्या मशीनची) खडी चपटी येते. व्हीएसआय मशीन (दगड जोरात आपटून फोडणारं) असलेल्या क्रशरवरून घ्या, तिचा खडा घनाकार असतो.

खडीवरची भुकटीही तितकीच वाईट. ओल्या तळव्यावर खडी चोळून बघा, तळवा राखाडी झाला तर खडी चाळणीवर पाण्याने धुऊन घ्या. भुकटीच्या पापुद्र्यामुळे सिमेंट दगडाला धरत नाही.

वीस एमएम एकटी घालू नका. एकाच मापाच्या खडीच्या ढिगात चाळीस-पंचेचाळीस टक्के नुसती पोकळी असते. साठ टक्के वीस एमएम आणि चाळीस टक्के दहा एमएम असं सहसा घालतात, म्हणजे पोकळी भरत जाते आणि सिमेंटचा लगदा कमी पुरतो. मोठ्यात मोठा खडा सळयांमधल्या मोकळ्या जागेपेक्षा ५ एमएमने लहान हवा. बीम-कॉलमच्या जोडात जिथे सळया दाटीने असतात तिथे हे आधी बघून ठेवा.

जांभा खडीत नको, फुकट असला तरी. तो सच्छिद्र, मिक्सरमधलं पाणी ओढून घेतो, छिद्रांत माती असते आणि ताकदही काळ्या दगडाच्या आसपास नाही. चिरा भिंतीला छान, हवा लागली की कडक होत जातो. काकांचे तुकडे अंगणात भरावाला वापरा.

आणि एकास दोन चार विसरा. ते एम-१५ च्या आसपासचं प्रमाण (एम पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढी काँक्रीटची ताकद जास्त). आयएस ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम-३०, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ एमएम कव्हर सांगतं. असं ठरावीक पाट्यांचं प्रमाण ते एम-२० पर्यंतच मान्य करतं. पुढे मिक्स डिझाइन, म्हणजे लॅबमधून मालाचं प्रमाण ठरवून घेणं, करावं लागतं, आणि तेही तुमच्याच गाडीतली खडी-रेती लॅबला देऊन.

भाट्येकर

ताई, तुमचा अभ्यास मान्य, पण जरा घाबरवताय असं वाटतं. आमचं आजोबांच्या वेळचं घर खाडीच्या रेतीचं आहे, अजून ठणठणीत उभं आहे. आणि क्रश सँडचा स्लॅब आमच्या शेजाऱ्यांचा चिरला, त्याचं काय?

सड्यावरची

आजोबांच्या घरात सळई किती आहे ते आधी बघा. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, चुन्यात नाहीतर मातीत बांधलेली, वर लाकडाचा सांगाडा आणि कौलं. गंजायला लोखंडच नाही, तर मीठ काय करणार? जिथे खाऱ्या रेतीत सळई घातली गेली, त्या घरांच्या पडव्यांचे स्लॅब खालून बघा.

शेजाऱ्यांचा स्लॅब न बघता सांगणं बरोबर नाही. पण क्रश सँडच्या नावाखाली क्रशरची भुकटी उचलून आणतात, हे खूप होतं. दोन्हींत फरक आहे. क्रश सँड मुद्दाम रेती म्हणून तयार केलेली, चाळलेली, बरेचदा धुतलेली असते. भुकटी म्हणजे खडी फोडताना खाली पडलेला उरलासुरला माल. दाण्याला कोपरे असतात म्हणून क्रश सँडला पाणी थोडं जास्त लागतं हे ठेकेदाराचं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल मऊ करणारं रसायन), पाण्याचा पाइप नव्हे. आणि मे महिन्याच्या उन्हात टाकलेल्या स्लॅबवर ताबडतोब ओलं गोणपाट नसेल, तर रेती कुठलीही असो, चिरा पडणारच.

मालवणचो गवंडी

ताईंनी सांगल्यानी ता बरोबर. माझा एकच म्हणणा, पाणी खयचा वापरतलास ता बघा. खाडीकडच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतत. रेती गोडी आणि पाणी खारा, मग उपेग काय? जिभेक खारा लागला तर ता पाणी मिक्सरात नको आणि स्लॅबार मारूकव नको. टँकर मागवा.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. बाबांनी खडे आपटून बघितले, तांबूस दगड खरंच बद्द वाजतात. ती गाडी परत जाणार आहे, ठेकेदार कुरकुरला पण तयार झाला.

एक गोंधळ मात्र आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून बाबांनी दोन्ही रेत्या काचेच्या बरणीत मीठ घातलेल्या पाण्यात हलवून ठेवल्या. तीन तासांनी क्रश सँडचा थर १२० एमएम आणि वर बारीक गाळ ९ एमएम. खाडीच्या रेतीवर गाळ जवळजवळ नाहीच, पाणीही लख्ख. ठेकेदार आता तीच बरणी सगळ्यांना दाखवतोय. आणि गोडीच क्रश सँड घ्यायची, तर ती ब्रासवर (आकारमानावर मोजून) घेताना फसायला होतं का?

सड्यावरची

बाबांनी एवढं मनावर घेतलं याचा फार आनंद झाला. बरणी खोटं बोलत नाही, पण ती फक्त गाळ दाखवते. भरती-ओहोटीने खाडीची रेती रोजच धुतली जाते, त्यामुळे तिच्यात माती नसणारच. मीठ विरघळलेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बरणीत तर आपण स्वतःच मीठ घातलं होतं. ठेकेदाराला पटवायचं तर दुसरी परीक्षा करा. स्वच्छ बाटलीत थोडी रेती आणि डिस्टिल्ड वॉटर घालून हलवा, वरचं पाणी गाळून घ्या आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-चार थेंब टाका. क्लोराइड असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. विहिरीचं पाणी घेऊ नका, त्यातही क्लोराइड असतं आणि निकाल फसतो. नेमकं प्रमाण मात्र लॅबच सांगेल. बरोबर विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली द्या, गवंडीदादांचा मुद्दा लाख मोलाचा आहे. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं.

क्रश सँडचा गाळ १२० वर ९, म्हणजे साडेसात टक्के. साइटवर आठ टक्क्यांची हद्द धरतात, तुम्ही आत आहात. शिवाय यातला बराचसा भाग दगडाचं पीठ असतं. नदीच्या रेतीत ७५ मायक्रॉनखालचा भाग वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालतो, क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत, ते याचमुळे. वरचा गाळ बोटात चोळून बघा. कचकचला तर पीठ, चिकट गोळी वळली तर माती. माती असेल तर नको.

ब्रासवर नक्कीच फसता येतं, कारण दमट रेती फुगते. सरळ बाजूंच्या डब्यात दमट रेती २०० एमएम भरा, बाहेर काढा, डब्यात पाणी घेऊन तीच रेती पुन्हा घाला आणि सळईने ढवळून बसू द्या. थर १६० एमएमवर आला तर रेती पंचवीस टक्के फुगलेली होती. म्हणजे मोजलेल्यापेक्षा वीस टक्के कमी रेती तुमच्या घरात आली आणि पैसे पूर्ण गेले. पाटीने मोजलं तर मिक्सरमध्येही तेवढीच कमी पडते. म्हणून वजनावर घ्या आणि वजनावरच घाला.

स्लॅबच्या आदल्या रात्री वळवाची सर आली तर सकाळी पाण्याचा हिशोब बदला. एका गोणीमागे साधारण ९० किलो रेती धरा. ती पाच टक्के ओली असेल तर साडेचार लिटर पाणी तिच्यातच आलं. ०.४५ च्या हिशोबाने ५० किलो सिमेंटला साडेबावीस लिटर, म्हणजे वरून फक्त अठराच लिटर घालायचं. दगड जेवढं शोषतो तेवढा थोडा फरक पडेल, तो मिक्स डिझाइनच्या कागदावर लिहिलेला असतो.

ढीग लाल मातीवर ओतू देऊ नका. खाली पत्रे किंवा जुना कोबा, वर ताडपत्री, आणि वीस एमएम, दहा एमएम, रेती वेगवेगळी, मधे चिऱ्यांची एक ओळ. ढिगाच्या तळाची वीतभर रेती फावड्याने खरवडून मिक्सरात घालतात, ती तशीच राहू दे म्हणावं. मिक्स डिझाइनचा कागद आला की इथे टाका, मी बघून सांगते.