समोरची काच बदलायची आहे, आधी काय बघू?

प्रश्न (इंदूर): देवास रोडवर डंपरमधून खडा उडाला, काचेला वीतभर तडा गेलाय. गाडी १२०० सीसीची. क्लेम करू की पदरचे घालू?

उत्तर: विम्यात काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाल्याने घटलेली किंमत, कापत नाहीत. १००० रुपयांची सक्तीची वजावट मात्र असते, म्हणजे तेवढे आपणच भरायचे, आणि नो-क्लेम बोनसही जातो. आधी कोटेशन घ्या.

उत्तर: अहो, पैशाचं सोडा, काच चिकटवतात कशी ते बघा! अपघातात शेजारच्या सीटची एअरबॅग याच काचेला टेकून फुगते. जुनी काच काढताना चौकटीचा रंग खरवडला तर तिथे प्रायमर हवाच, नाहीतर गंज धरतो. आमचा मिस्त्री प्रायमर म्हटलं की तोंड वाकडं करतो. मी शेजारी उभा राहून लावून घेतो. युरेथेन, म्हणजे काच चिकटवायचा गोंद, सुकायला किती तास, हे ट्यूबवर वाचा. ‘भिया, ले जाओ’ म्हणाला तरी तोवर गाडी हलवायची नाही. नंतर दिवसभर दारं आपटू नका, धुलाईही नको.

उत्तर: फास्टॅग काढताना फाटतो, बँकेकडून बदली टॅग मागवा. आरशामागे कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशनचं, म्हणजे तो पुन्हा नीट जुळवून घेण्याचं, आधीच विचारा.

प्रश्नकर्ता: कॅमेरा नाही. उद्या कोटेशन आणतो. प्रायमरचं मिस्त्रीला तुम्हीच फोनवर सांगाल का, काका?