आर्कनाइट्स: एक रुपयाही न टाकता पुढे जाता येतं का?

बुरूजवाला
आर्कनाइट्स हा मोबाइलवरचा टॉवर डिफेन्स गेम, शत्रूंना वाटेत अडवायचा. परवा ग्रुपवर एकाने ठोकून दिलं, 'आर्कनाइट्स सहाव्या अध्यायापर्यंत फुकट चालतं, ६-१६ या टप्प्याला फ्रॉस्टनोव्हा ही बॉस आली की पाकीट काढावंच लागतं.' नवीन पोरं असलं वाचतात आणि पहिल्याच आठवड्यात पॅक घेऊन बसतात, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. फुकट खेळणारा पुल (नवीन पात्र मिळवायची सोडत) कमी पडले म्हणून अडत नाही, एलएमडी (गेममधले पैसे) संपतात म्हणून अडतो. सहा स्टारच्या ऑपरेटरला (गेममधल्या पात्राला) एलिट २, म्हणजे दुसरी बढती, द्यायला १,८०,००० एलएमडी लागतात, चार स्टारला ६०,०००. सीई-६ या एलएमडी देणाऱ्या टप्प्याला ३६ सॅनिटी (खेळायची ऊर्जा) घातली की १०,००० एलएमडी येतात. म्हणजे सहा स्टारच्या नुसत्या बढतीला १८ फेऱ्या, ६४८ सॅनिटी. सॅनिटी भरते ६ मिनिटांना १, दिवसाला २४०. जवळपास पावणेतीन दिवस फक्त बढतीच्या फीला गेले. चिप, साहित्य, लेव्हल यांचा खर्च वेगळाच. तेवढ्याच एलएमडीत चार स्टारचे तीन जण एलिट २ होतात. चार स्टारमधले कामाचे: डीपी (ऑपरेटर उतरवायला लागणारे गुण) आणायला मर्टल, अडवायला क्युओरा, सगळ्यांना थोडं थोडं बरं करायला परफ्यूमर, ऐनवेळी टाकायला ग्रॅव्हल. क्रूस आणि मेलांथा तीन स्टार, त्यांना एलिट २ नाहीच. एलिट १, लेव्हल ५५ ला खर्च थांबतो.

आणि टप्पा हरण्याचं खरं कारण बहुतेकदा वेगळंच असतं. शारीरिक मार म्हणजे हल्ला वजा संरक्षण, आणि कमीत कमी हल्ल्याच्या ५ टक्के. हल्ला ५०० आणि समोरच्याचं संरक्षण ८०० असेल तर एका फटक्याला फक्त २५ बसतात. तोच ५०० चा हल्ला कास्टरचा (आर्ट्स, म्हणजे जादूने मारणाऱ्याचा) असेल आणि समोर आर्ट्स-प्रतिकार २० असेल, तर ४०० बसतात. सोळा पट फरक! चिलखतवाल्यांपुढे चार नेमबाज उभे करून 'गेम पैसे मागतो' म्हणणं चूक आहे.

सातरस्ता
दादा, हिशोब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. चार-स्टारच्या टीमला चुकीला जागाच राहत नाही. मर्टल दोन सेकंद उशिरा टाकली की पुढचा डिफेंडर उशिरा, मग हीलर उशिरा, आणि पहिलाच जाड शत्रू आत. ऑपरेटर पडला तर पुन्हा उतरवायचा डीपी खर्च दीडपट होतो, नंतर दुप्पट. सिल्व्हरअॅश किंवा सर्टरसारखा एक सहा स्टार एलिट २ असेल तर अशा दोन चुका पोटात घालतो. कामावरून येऊन अर्धा तास खेळणाऱ्याला ही मोकळीक फार मोठी आहे. सहाऐवजी चार स्टार वाढवले की एलएमडी वाचतात, पण वेळ जातो. अठरा फेऱ्या तर टप्प्याचे पूर्ण तीन स्टार घेऊन एकदा जिंकल्यावर ऑटोवर लागतात, माणूस लागत नाही. टप्पा शिकायला मात्र माणूसच लागतो.

बुरूजवाला
शिकायला सॅनिटी कुठे जाते? सराव मोड आहे, आणि खऱ्या फेरीत हरलात तरी १ सोडून बाकी सॅनिटी परत मिळते. फ्रॉस्टनोव्हाचंच घ्या. ती आधी थंडी चढवते, हल्ल्याचा वेग घटतो. त्या अवस्थेत पुन्हा थंडी बसली की ऑपरेटर गोठतो. वर तिचा आर्ट्स-प्रतिकार भरपूर, त्यामुळे आधीच्या टप्प्यांत तारून नेणारे कास्टर इथे थंड पडतात. नेमबाज आणि गार्ड पुढे करायचे, हीलर दोन, वेगवेगळ्या जागी. एकदा पडली की ती पुन्हा उठते, म्हणून सगळी स्किल पहिल्या फेरीत उधळायची नाहीत. यात सहा स्टार लागतो कुठे?

जुळे_सोलापूर
भांडण चाललंय चार की सहा, पण पुल कुठे वाया जातात ते कुणी लिहिलं नाही. आठवड्याचं उत्पन्न लिहून ठेवा: रोजच्या मिशनचे १०० प्रमाणे ७०० ओरंडम (पुलला लागणारं चलन), आठवड्याच्या मिशनचे ५००, अॅनिहिलेशन टप्प्याचे, आठवड्याची मर्यादा वाढवत नेल्यावर, १८००. एकूण ३०००. एक पुल ६०० चा, म्हणजे आठवड्याला ५, वर्षाला २६०. इव्हेंटचे वेगळे. हे कमी नाही.

वाया जातात ते दोन ठिकाणी. पहिलं, गेमच्या दुकानात चालणारी पिवळी प्रमाणपत्रं. दुकानात पहिला पुल १० ला, मग २ पुल १८ ला, ५ पुल ४० ला, १० पुल ७० ला, २० पुल १२० ला. शेवटपर्यंत गेलात तर २५८ मध्ये ३८ पुल. लोक दर महिन्याला १० चा एक घेऊन थांबतात, म्हणजे सगळ्यात महाग तोच घेतात. २५८ जमेपर्यंत हात लावू नका.

दुसरं, पिटी, म्हणजे बराच वेळ नशीब नसलं की शक्यता वाढवणारा नियम. सहा स्टारची शक्यता २ टक्के. ५० पुलांत आला नाही तर पुढच्या प्रत्येक पुलाला २-२ टक्के वाढते. साध्या बॅनरचा (पुलच्या सोडतीचा) हा आकडा पुढच्या साध्या बॅनरवर चालतो, पण लिमिटेडचा वेगळा मोजला जातो. लिमिटेडवर हौस म्हणून ४० पुल टाकून थांबणं हा सगळ्यात मोठा तोटा. तिथे ३०० पुलांना त्या बॅनरचा ऑपरेटर हमखास मिळतो. तेवढे जमवण्याची तयारी असेल तरच हात घाला.

नवीपेठ_९
मी पैसे टाकण्याच्या बाजूने आहे, पण मोजून. मासिक कार्ड रोज २०० ओरंडम देतं, ३० दिवसांत ६०००. वर ६ ओरिजिनाइट (ओरंडममध्ये बदलता येणारे दगड), एकाचे १८० ओरंडम प्रमाणे १०८० धरा. म्हणजे महिन्याला जवळपास १२ पुल जास्त, आणि रोज सॅनिटीची छोटी बाटली. फुकटच्या महिना २१ पुलांवर ही निम्म्याहून जास्त भर आहे. बाकीचे सगळे पॅक सोडा. गेम तुम्हाला रोज आनंद देत असेल तर त्यात थोडे पैसे घालण्यात कमीपणा कसला?

जुळे_सोलापूर
कमीपणा नाहीच ताई. पण कार्डाचा फायदा रोज लॉगिन केलं तरच. दिवस चुकला की त्या दिवसाचे २०० गेले. फुकट खेळणाऱ्याला सुट्टी घेता येते, कार्डवाल्याला नाही. आणि जानेवारीत जास्त सांभाळा. ग्लोबल सर्व्हर १६ जानेवारी २०२० ला सुरू झाला, त्यामुळे इथे सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा (जत्रा) भरलेला असतो त्याच दिवसांत गेमचा वाढदिवस येतो. पाळणे, भेळ, बांगड्या यांत हात सैल झालेलाच असतो, तेव्हाच पॅकची रांग समोर लागते.

सातरस्ता
यावर मी तुमच्या बाजूला. पण बेसबद्दल (गेममधल्या आपल्या तळाबद्दल) कुणीच बोलत नाही, एलएमडीची खरी गळती तिथे आहे. २-४-३ मांडा: दोन ट्रेडिंग पोस्ट, चार फॅक्टऱ्या, तीन पॉवर प्लांट. सोन्याची एक वीट १ तास १२ मिनिटांत होते, विकली की ५०० एलएमडी. कामगारांचा उत्साह २४ असतो, तासाला साधारण १ उतरतो. शून्यावर गेला की काम थांबतं आणि रात्रभर फॅक्टरी रिकामी पडते. सकाळी आणि रात्री पाळी बदला, गिरणीत बदलायचे तशी.

बुरूजवाला
हे मान्य, मी लिहायला हवं होतं. भरतीचंही राहिलं, म्हणजे पुल न करता टॅग निवडून ऑपरेटर मिळवायचं. वेळ नेहमी ९ तास ठेवा, म्हणजे एक-दोन स्टार येत नाहीत. 'स्पेशालिस्ट', 'शिफ्ट', 'फास्ट-रीडिप्लॉय', 'सपोर्ट', 'डीबफ' यातला एकच टॅग दिसला तरी तो एकटा निवडा, चार स्टार तरी नक्की. फक्त निवडलेला टॅग कधीकधी गळतो, मग तीन स्टार येतो. तो दोष तुमचा नाही. 'टॉप ऑपरेटर' दिसला तर ९ तासच ठेवा, सहा स्टार येतो.

सातरस्ता
अजून एक, वेळेचं. सर्व्हरचा दिवस आपल्याकडे दुपारी साडेचारला बदलतो. सीई मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार उघडतं, पण मंगळवारी सकाळी उघडून बघाल तर बंदच दिसेल. आणि अॅनिहिलेशनचा आठवडा सोमवारी साडेचारला संपतो. रविवारी रात्री १८०० पूर्ण झाले का बघा, सोमवारी दुपारी कामाच्या गडबडीत ते राहतंच.