वडिलांवर लिहायला बसलं की फिर्याद होते, नाहीतर आरती

पागोळी
वडील जाऊन वर्ष होत आलं. कडक, मोजकं आणि लागेल असं बोलणारे. त्यांच्यावर कविता लिहायला घेतली की ती एकतर फिर्याद होते, नाहीतर आरती. छंदात लिहावं की मुक्तछंदात? त्यांना ‘तो’ म्हणावं, ‘तुम्ही’ की ‘तू’? आणि म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, सगळं घर जमेल तेव्हा वाचावी का?

खाजण
छंदाचं मागाहून बघू. आधी वस्तू गोळा करा, निदान वीस. कोयती, अडकित्ता, पानाची चंची, इरलं, दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी, बिलांची चळत. प्रत्येकीपुढे एकच क्रियापद लिहा: ते तिचं नेमकं काय करायचे. ‘वापरायचे’ चालणार नाही. कातरायचे, पाजवायचे, आपटायचे. रागीट माणूस विशेषणांत सापडत नाही, अडकित्ता खाली ठेवण्याच्या आवाजात सापडतो.

मग त्यांची वाक्यं, घरच्या बोलीत, जशीच्या तशी. ‘खंय होतंस?’चं ‘कुठे होतास?’ केलंत की दरारा गेलाच.

आणि तारखा काढा, हे बहुतेक जण करतच नाहीत. वडील गिरणीत होते? मग जानेवारी १९८२चा संप लागला तेव्हा त्यांचं वय काय, घरात खाणारी तोंडं किती? दापोली-श्रीवर्धनकडच्यांना ३ जून २०२०चं निसर्ग वादळ. आडवी झालेली पोफळ पुन्हा लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, आणि लावणारा सत्तरीचा. याने कुठलाही मार माफ होत नाही. पण राग कुठून येत होता ते ओळींना कळतं, आणि फिर्यादीचा सूर आपोआप खाली येतो.

आगर
छंद विचारलात तर मोठा अभंग घ्या. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरायचं. नमुन्यादाखल:

कोयता आढ्याला
गंजून राहिला
कोणी ना पाहिला
गेल्यावर

यात वडील हा शब्द नाही, तरी कोण गेलं ते कळतं. चार अक्षरांत वाक्य आवरावंच लागतं, म्हणून कैफियत लांबत नाही. दुसरं कारण परंपरेचं आहे. नामदेव, तुकाराम विठ्ठलाला मायबाप म्हणतात आणि त्याच तोंडाने त्याच्याशी भांडतात. बापाला जाब विचारणं या छंदाला परकं नाही.

जात्यावरच्या ओवीची चाल मात्र सुरुवातीला टाळा. तिथला बाप म्हणजे माहेरचा मोठेपणा. चाल लागली की हात गौरवाकडे वळतो. तुमची आरती बहुधा तिथूनच येते.

यमकाचा धोका वेगळाच. ‘बाप’ चरणाच्या शेवटी आला की ताप, शाप, पाप रांगेत उभेच असतात, आणि काय म्हणायचं ते तुमच्याऐवजी तेच ठरवतात. तो शब्द चरणाच्या मध्ये ठेवा.

मालगुंडच्या केशवसुतांनी मराठीत रुजवलेलं सुनीतही जमेल: चौदा ओळी, आठ आणि सहा, मध्ये वळण. पण नवव्या ओळीला ‘तरीही तुम्ही माझेच’ असं हमखास येतं. तिथे मन वळवू नका, जागा वळवा. आठ ओळी पडवीत असतील तर पुढच्या सहा बंदरावर. मुक्तछंद हे सगळं करून झाल्यावर. आवरायला काही नसलं की राग पानभर पसरतो.

सडा
संबोधनाचं सांगते. त्याच बारा ओळी तिन्ही प्रकारे लिहा. ‘तो’ने अंतर मिळतं, पहिल्या खर्ड्याला ते बरं. ‘तुम्ही’त ‘गेलात, बोललात, मारलंत’ अशी अदब येते आणि ती अदब हीच तुमच्या दोघांमधली भिंत असते, म्हणून ती दिसू द्या. ‘तू’ आपण देवाला आणि आईला म्हणतो. जन्मभर अहो-जाहो केलेल्या माणसाला तो एकदम शिवीसारखाही लागतो आणि जवळचाही. पूर्ण कवितेत एकदाच वापरा.

चौथा खर्डा त्यांच्या ‘मी’तून, आठच ओळी: पडवीतल्या त्यांच्या जागेवरून तुम्ही खळ्यातून येताना कसे दिसता. एक पथ्य पाळा. जिवंतपणी मागितली नाही ती क्षमा त्यांच्या तोंडी घालायची नाही.

पागोळी
‘वरून काटे, आत गरे’ अशी एक ओळ आली आहे. ठेवू?

खाजण
काढा. कोकणातल्या प्रत्येक तिरसट माणसाला फणस म्हणून झालं आहे. घालायचाच असेल तर चीक घाला. हाताला, विळीला खोबरेल लावल्याशिवाय फणस कापता येत नाही, आणि लागलेला चीक नुसत्या पाण्याने जात नाही. ते अजून कोणी फारसं लिहिलेलं नाही.

सडा
म्हाळाला वाचू नका. त्या दिवशी पितरांना वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, दाखवायची घाई असते, भाऊबंद असतात, आणि गेलेल्याबद्दल वावगं बोलू नये हा दंडक असतो. कविता दोन महिने बाजूला ठेवा. मग आधी एकट्या आईला, कागदावर, आणि तिच्याबद्दलची ओळ असेल तर तिने काढ म्हटल्यावर काढायची. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

घरात मारहाण किंवा दारू होती का ते विचारत नाही. असेल तर बसायची वेळ बांधून घ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात लोकांनी रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस लिहिलं होतं. लिहून उठल्यावर लगेच जड वाटतं, ते अपेक्षितच आहे. पण झोप उडाली, जुनं डोळ्यांसमोर वारंवार येऊ लागलं तर वही मिटा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पागोळी
वस्तू अठरा झाल्या. अभंगाने सुरुवात करतो, ‘तो’ धरून.

आगर
पहिली वस्तू अडकित्ता घ्या. ‘अडकित्ता’ चारच अक्षरं, पुढे दोन उरतात.