तंबोरा लगेजमध्ये टाकू नये
तंबोरा रेल्वेने न्यायचा असेल तर तो सरळ लगेजच्या डब्यात नोंदवून मोकळे व्हावे, असे सुचवले जाते; त्या सूचनेशी मी सहमत नाही. प्रवाशाने सोबत न्यायच्या ट्रंका-पेट्यांसाठी रेल्वेने १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही मर्यादा घातलेली आहे आणि पुरुषी (पुरुष गायकांसाठीचा मोठा) तंबोरा साडेचार-पाच फुटांचा असल्याने नियमावर बोट ठेवले तर तो तीत बसत नाही, हे खरे. परंतु तंबोऱ्याच्या वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्याला जड खोक्यांचा दाब सोसत नाही. मिरजेहून आणलेला माझा पहिला तंबोरा असाच गेला. गवसणी (वरचे कापडी आवरण) शाबूत होती, पण गळ्यापाशी, म्हणजे भोपळा दांडीला जोडतो तिथे, केसाएवढी चीर पडली होती आणि खर्जाची (सर्वांत खालच्या स्वराची) तार छेडताच ती चीर करकरू लागली.

तेव्हापासून मी वरचा बर्थ घेतो, तंबोरा तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) वर करून भिंतीलगत आडवा ठेवतो आणि स्वतः कडेला अंग चोरून झोपतो. (एका तिकिटावर दोघे कसे, असे तपासनिसांनी एकदा हसत विचारले होते.) निघण्यापूर्वी तारा थोड्या उतरवाव्यात आणि जवारीचे दोरे (झंकारासाठी तारा आणि घोडीमध्ये घातलेले धागे) काढून जपून ठेवावेत. फायबरची पेटी सुरक्षित खरी, पण ती बर्थवर ठेवल्यास झोपायला जागाच उरत नाही.