हायब्रिडमध्ये मॅन्युअल घ्यावी का ऑटोमॅटिक? बॅटरीचा हिशोब सांगा

वर्धा_रोडवाला
मारुतीची ग्रँड विटारा घ्यायचं चाललंय. शोरूमवाला म्हणते ऑटोमॅटिक घ्या, बॅटरीचा फायदा जास्त. मले नाही पटत. 2022 मध्ये गाडी आली तेव्हाचे एआरएआयचे (गाड्यांचं मायलेज तपासणारी संस्था) आकडे पहा, स्मार्ट हायब्रिड (इंजिनले छोट्या मोटर-बॅटरीची मदत) मॅन्युअल लिटरले 21.11 किलोमीटर आन् ऑटोमॅटिक 20.58. इंजिन तेच बॅटरी तीच. पुढं सिग्नल लाल दिसला की मी आधीच अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच येऊ देतो, बॅटरी भरते, हे त्या गिअरबॉक्सले कुठून दिसणार.

बर्डीचा_भाऊ
अर्ध्या किलोमीटरसाठी काय नाचून राहिला बे. ती चाचणी लॅबमध्ये होते, नागपूरच्या व्हरायटी चौकात नाही. इथं पब्लिक पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभी राहते, मग सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होईलच कसं, त्याले न्यूट्रल पाहिजे न क्लचवरून पाय काढलेला पाहिजे. आन् थांबताना आपली सवय काय, ब्रेकच्या आधी क्लच. क्लच दाबला की चाकं इंजिनपासून सुटली, आयएसजी, म्हणजे बॅटरी भरणारी छोटी मोटर, तर बेल्टनं इंजिनले बांधलेली, तिले फिरवणार कोण? तेवढं चार्जिंग ब्रेक पॅड तापवण्यात गेलं.

वर्धा_रोडवाला
हा दोष पायाचा झाला, गिअरबॉक्सचा नाही. होंडाची पहिली इनसाइट अमेरिकेत मॅन्युअल आन् सीव्हीटी (बेल्टवाली ऑटोमॅटिक) दोन्हीत होती, मायलेज मॅन्युअलचाच जास्त.

बर्डीचा_भाऊ
हो, पण सीव्हीटीच्या बेल्टात ताकद वाया जाते म्हणून. बॅटरीले कायले मधात आणतो?

सेमिनरी_हिल्स
तुम्ही दोघं 12 व्होल्टच्या बॅटरीवर भांडून राहिले, जी एकटी गाडी हलवू पण शकत नाही. याच गाडीची स्ट्राँग हायब्रिड (मोठी बॅटरी, नुसत्या मोटरवरही चालते) पहा, 27.97. नाव ई-सीव्हीटी पण आत बेल्ट नाही, बदलायचे गिअर नाहीत, प्लॅनेटरी गिअरवर (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) इंजिन न दोन मोटरी जोडलेल्या, त्यामुळे ब्रेक मारला की क्लचची भानगडच नाही. तिथंही लोक चुका करतातच म्हणा. मे महिन्यात सिग्नलवर एसी फुल, आन् जुन्या सवयीनं गाडी एन (न्यूट्रल) मध्ये. एसीचा कॉम्प्रेसर त्याच मोठ्या बॅटरीवर चालते, आन् एन मध्ये इंजिन सुरू झालं तरी वीज तयार होत नाही, बॅटरी उतरतच जाते. डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून ब्रेकवर पाय ठेवा ना राजेहो. दुसरं म्हणजे बॅटरी जास्त भरेल म्हणून दिवसभर लिव्हर बी मध्ये ठेवून चालवणारे. बी घाटासाठी आहे, लांब उतारावर बॅटरी फुल झाली की इंजिनचा ब्रेक लागावा म्हणून. शहरात साधा ब्रेक हळूहळू दाबला तरी चार्जिंग होतेच.

वर्धा_रोडवाला
पण लाखांनी महाग आहे त्याचं काय? आन् माझं अर्धं रनिंग समृद्धीवर, तिथं 120 ले सगळं इंजिनच ओढते.

बर्डीचा_भाऊ
मग बॅटरीचा धागा काढलाच कायले बे 😄

वर्धा_रोडवाला
उरलेलं अर्धं बर्डीच्या गर्दीतच आहे ना भाऊ. ते जाऊ द्या, खामला-प्रतापनगरकडे कोणाकडे ऑटोमॅटिकवाली असेल तर सांगा, संध्याकाळच्या गर्दीत एक चक्कर मारून पाहायची आहे.