लढाई चालू असताना बातमी रोखणं योग्य का?

अवलिया:
ऑपरेशन सिंदूर चालू असताना, ९ मे २०२५ ला सरकारने 'द वायर'ची अख्खी वेबसाइट बंद करायला लावली. कारण एक बातमी. आपलं राफेल पाकिस्तानने पाडल्याचं एका फ्रेंच गुप्तचर अधिकाऱ्याने सीएनएनला सांगितलं, अशी. ती उतरवल्यावर साइट पुन्हा दिसू लागली. ३१ मेला खुद्द संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) अनिल चौहान यांनी सिंगापुरात विमानं पडल्याचं मान्य केलं (आकडा दिला नाही, पाकिस्तानचा सहाचा दावा मात्र खोडून काढला). मग तीन आठवडे झाकून मिळवलं काय?

नाना साताराकर:
शस्त्रसंधी १० मेची. म्हणजे ९ तारखेला लढाई ऐन भरात होती. नंतर शांतपणे सांगणं वेगळं. २६/११ विसरलात का? नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते, टीव्हीवर लाइव्ह. अतिरेक्यांना फोनवरून सूचना देणारे पाकिस्तानात बसून तेच पाहत होते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना चांगलंच झापलंय.

मीनल:
नाना, ते थेट प्रक्षेपण होतं. २६ एप्रिलला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचाली लाइव्ह दाखवू नका म्हणून सूचना काढली, ती मलाही पटली. पण राफेलची बातमी लपवायची कुणापासून? विमान पाडलं म्हणून जो ओरडतोय त्याच्यापासून?

नाना साताराकर:
लोकांचं मनोधैर्य नावाची गोष्ट असते, ताई. सीमेवर पोरं लढतायत आणि इथे घराघरांत 'आपलं विमान पडलं'? शत्रूला तेच हवं असतं.

मीनल:
आणि त्याच दिवसांत आपल्या वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख केलं, इस्लामाबादही घेतलं, ते? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढे वाटायची तयारी चालली होती! सकाळी सगळे गप्प. एका वाहिनीने माफी मागितली, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. खोट्या विजयाला मोकळं रान आणि अडचणीच्या बातमीला टाळं, याला सुरक्षा कसं म्हणायचं?

काळा कोट:
जरा कायद्याचं बोलतो. ८ मेला एक्सने (पूर्वीचं ट्विटर) जाहीर केलं की आठ हजारांहून जास्त खाती भारतात बंद करण्याचे आदेश आलेत, आणि बहुतेकांच्या बाबतीत नेमकी कुठली पोस्ट आक्षेपार्ह हेच सांगितलेलं नाही. इंटरनेटवरचा मजकूर बंद करायचा अधिकार देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ कारणं लेखी नोंदवायला सांगतं. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते कलम टिकलं, त्यात याचाही वाटा होता. पण या बंदीसाठीच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ सगळं गोपनीय ठेवतो. अशिलाने माझ्यापुढे काय आणून ठेवावं?

नाना साताराकर:
वाहिन्यांना आवरायला हवं होतं, कबूल. तरी उद्या पुन्हा लढाई पेटली तर मी बंदीच्याच बाजूने. आदेश लेखी असावा, एवढं वकीलसाहेबांचं घेतो.

काळा कोट:
लेखी असतोच हो नाना. ज्याचं तोंड बंद केलं त्यालाच तो दाखवत नाहीत, भांडण तिथे आहे.